चाळणीखाली उरलेलं

बातमी कॉलेजच्या ग्रुपवर आली. 'आपल्या निवृत्त कर्मचारी श्रीमती सुलभा परब यांचे दुःखद निधन.' खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग. मी ते दोनदा वाचलं आणि मला पहिल्यांदा रडू नाही, संताप आला. तिचं नाव सुलभा नव्हतं, सुलोचना होतं. अंधेरीच्या आमच्या कॉलेजात, भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत तिनं तीस वर्षं काढली, आणि तिच्या मरणाच्या निरोपातही कुणाला तिचं नाव नीट लिहिता आलं नाही. मी दुरुस्ती टाकली. तिच्याखालीही कुणीतरी हात जोडले.

या गोष्टीला आता महिना होत आला, पण माझा राग ओसरलेला नाही. तेव्हा हा लेख गोड होणार नाही, हे आधीच सांगून टाकते.

सुलूताई कागदोपत्री परिचर होती. दहावी पास, वडील गिरणीतले, माहेर-सासर दोन्ही मालवणकडचं, घर भांडुपला टेकडीवर. दोन बस बदलून यायची आणि रोज दहा-पंधरा मिनिटं उशीर व्हायचा. मी तिथे पीएच.डी. करायला आले तेव्हा माझं काम होतं मढच्या खाडीतला चिखल. त्यात वाळू किती आणि गाळ किती, हे काढायचं, म्हणजे खाडी कशी भरत गेली ते कळतं. पद्धत सोपी. चिखल वाळवून वजन करायचं, भिजवायचा, बारीक जाळीच्या चाळणीवर पाण्यानं धुवायचा. वाळू वर राहते, गाळ पाण्याबरोबर खाली जातो. वाळू वाळवून तोलायची आणि मूळ वजनातून वजा करायची. उरला तो गाळ. गाळाचं पाणी बेसिनमध्ये. आम्ही सगळे तसंच करायचो, आमचे सरही तसंच करायचे.

पहिल्याच दिवशी मी पाणी ओतायला गेले आणि मागून आवाज आला, "टाकतंस कित्याक गो? ऱ्हवांदे." तिनं एक हिरवी बादली पुढे सरकवली. त्या बादलीत ती पाणी दोन दिवस निवळू द्यायची, वरचं अलगद काढायची, खालचा गाळ वाळवायची, तोलायची आणि बरणीत भरून ठेवायची. बरण्या घरच्या, लोणच्याच्या, कारण कॉलेजनं बाटल्या कधी मंजूर केल्याच नाहीत. मी विचारलं, वजाबाकीनं आकडा मिळतोय की, मग हा उपद्व्याप कशाला? ती म्हणाली, "वजाबाकीत सगळ्यांच्या चुका लपतत." मला तेव्हा हसू आलं होतं. मी एम.एस्सी. फर्स्ट क्लास होते ना!

सहा महिन्यांनी माझे आकडे विचित्र यायला लागले. खाडीच्या तोंडाशी, जिथे वाळूच जास्त हवी, तिथेही वाळू कमी, गाळच गाळ. सर खूश झाले, म्हणाले काहीतरी नवीन सापडतंय, पेपर लिही. मीही खूश. सुलूताईनं माझ्या एका बरणीतली चिमूट काढली, जिभेवर ठेवली आणि पुढच्या दातांत घोळवली. खाडीचा चिखल! मला शिसारी आली. तिनं बरणी माझ्यापुढे धरली. "दाताखाली घे. कचकचता मा?"

कचकचत होतं. गाळ दाताखाली लोण्यासारखा लागतो, कचकचते ती वाळू. म्हणजे वाळू खाली जात होती. तिनं माझी चाळण उजेडाकडे धरली. कडेला, जिथे जाळी पत्र्याला जोडलेली असते, तिथे नखाएवढी फट होती. सहा महिने मी फाटक्या चाळणीवर संशोधन करत होते, आणि वजाबाकीनं ते झाकून टाकलं होतं. मी तिथेच स्टुलावर बसून हमसून हमसून रडले. "रडतंस कित्याक? माती खंय जाता? बरणीतच आसा ती." मग पुढचे दोन महिने ती बाई स्वतःचं काम सांभाळून माझ्या एकेक बरणीतला गाळ पुन्हा भिजवत होती, नव्या चाळणीवर धूत होती. माझी हरवलेली सगळी वाळू तिनं मला परत काढून दिली. बेसिनमध्ये ओतलं असतं तर माझी पीएच.डी. गटारातून पुन्हा खाडीत गेली असती.

ती दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली तेव्हा मी त्याच विभागात शिकवत होते. जाताना तिनं मागच्या खोलीतल्या, बरण्यांच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. त्यानंतर तिचा अधूनमधून फोन यायचा. मुलाचं, गुडघ्याचं सांगून झालं की शेवटी ठरलेला प्रश्न, "बरण्यो बऱ्यो आसत ना गो?" आणि मी, हातातलं काम न सोडता, "आहेत गं, कुठे जातायत." शेवटचा फोन ती गेली त्याच्या आठवडाभर आधीचा. तेव्हाही मी हेच म्हणाले... बघितलं नव्हतं. कितीतरी महिन्यांत मी ते कपाट बघितलंच नव्हतं.

शोकसभेत प्राचार्य म्हणाले, परबबाई अत्यंत वक्तशीर होत्या. वक्तशीर! त्या माणसानं तिला कधी बघितलं तरी होतं का? बाकी काही बोलायला नव्हतं म्हणून हातात येईल तो शब्द तिच्या फोटोला घातला. दोन मिनिटं शांतता झाली, चहा झाला. मी तडक प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत गेले, किल्ली घेऊन. खोलीत कपाट नव्हतं. नव्या खुर्च्या, भिंतीवर मोठा पडदा, एसी. शिपायाला विचारलं तर तो म्हणाला, "तो चिखल ना मॅडम? तो कधीच दिला कचऱ्याच्या गाडीत. सर्क्युलर आलं होतं, तुमची पण सही आहे ना त्यावर."

होती. मी न वाचता केलेली.

तेव्हा मी कॉलेजवर चिडले आहे, प्राचार्यांवर चिडले आहे, आणि त्यांना शिव्या देऊन झाल्या की कुणावर चिडायचं ते मला ठाऊक आहे. घरी येऊन मी माझा प्रबंध काढला. आभाराचं पान. सरांचे आभार, सरांच्या पत्नींचेही आभार, आणि शेवटी 'सर्व प्रयोगशाळा कर्मचारी'. तिचं नाव नाही. ग्रुपवरच्या लोकांनी निदान चुकीचं का होईना, लिहिलं तरी होतं.

एक बरणी वाचली. त्या नव्या खोलीचं दार आपोआप बंद होतं, ते उघडं राहावं म्हणून कुणीतरी ती दाराशी लावून ठेवली होती. त्या शोकसभेच्या दिवशीच मी ती उचलली, दार धाडकन आपटलं. झाकणावर तिचं बारीक, सरळ अक्षर. मढ, नमुना क्रमांक, गाळाचं वजन. खाली 'काम करणार' असं लिहून पुढे माझं नाव. पदवीसकट. पदवी मिळायच्या आधीच तिनं ती लिहून टाकली होती.

ती बरणी आता माझ्या टेबलावर असते. काल मी झाकण काढलं, चिमूटभर गाळ जिभेवर ठेवला आणि पुढच्या दातांत घोळवला. खूप वेळ घोळवला. कचकच कुठेच नव्हती.