टाचेपाशी दोन बोटं जागा

आमच्या इमारतीत तळमजल्यावर बूट करणाऱ्या दादांचं दुकान, दुसऱ्या मजल्यावर मी आणि तिसऱ्यावर त्यांचं बिऱ्हाड. म्हणजे दादा कामावर जाताना आणि घरी येताना माझ्या दारावरून जाणार, आणि मला कळल्याशिवाय त्या घरात चहाचं आधणसुद्धा उकळायचं नाही. लोक मला चोंबडी म्हणतात. म्हणोत. मी चोंबडी नसते तर हे लिहायला आज कोण उरलं असतं, ते शेवटी बघा.

दादा म्हणजे उंच, काटकुळे, चालायला लागले की घडीची शिडी निघाल्यासारखी वाटते. दुकानात भिंतभर लाकडी पावलं टांगलेली. त्यांना फर्मे म्हणतात; ज्याचा बूट, त्याच्या पावलाचा फर्मा, आणि त्याच्यावर चामडं ताणून बूट उभा करायचा. दोन-दोनची जोडी सुतळीनं बांधलेली, प्रत्येकीवर पेन्सिलीनं खूण. नवखं माणूस आत आलं की दचकतंच. एवढ्या पावलांची माणसं गेली कुठे, असं वाटतं.

माप घ्यायची दादांची रीत वेगळी. फीतबीत नंतर. आधी ते स्टुलावर बसतात, गिऱ्हाइकाचं पाऊल मांडीवर घेतात, डोळे मिटतात आणि टाचेच्या वर मागे जी दोरीसारखी जाड नस असते ना, तिच्यावरून अंगठा आणि बोट फिरवतात. मग म्हणतात, "टाचेला जागा हवी." फर्म्यावर मागच्या बाजूला चामड्याचा तुकडा चिकटवतात, कानशीनं घासतात, पुन्हा बोट फिरवतात. तो बूट घातला की माणूस विसरतोच आपल्याला पाय आहेत.

ही टाचेची गोष्ट आमच्याच लोकांची. आम्ही वरचे. म्हणजे चार पिढ्यांमागे आठ घरं डोंगरावरून खाली आली, शहरानं नाव ठेवलं वरचे, आणि राहायला दिली सगळ्यात खालची गल्ली. आता तीनशेच्या आसपास असू. घरात आमची बोली, लग्नं आपसात, त्यामुळे कोण कोणाचा कोण हे सांगायला बसलं तर सकाळची दुपार होते. माझे मामेभाऊ माझे दीर पण आहेत, आता बोला. तर आमच्यात पुष्कळांची टाचेमागची नस जाड, गाठाळ. दुकानातला तयार बूट चावतो. आम्ही तिला वरची टाच म्हणायचो आणि मिरवायचोसुद्धा. डोंगर चढून चढून पिढ्यांची कमाई आहे, म्हणे! माझ्या आजोबांनी आयुष्यात गच्चीचा जिना चढला नव्हता, तरी त्यांचीही तशीच.

आणि दुसरी कमाई म्हणजे आमचे पुरुष लवकर जायचे. दादांचे वडील सेहेचाळिसाव्या वर्षी. धाकटा भाऊ त्रेचाळिसाव्या, दुकानातच, हातात चामडं कापायची रापी तशीच. "आपल्या माणसांचं काळीज नाजूक," असं म्हणून आम्ही डोळे पुसायचो आणि कामाला लागायचो.

भाऊ गेला तेव्हापासून दादांनी धसका घेतला. लोणी बंद, अंडं बंद, तळलेलं तर नजरेनंही नाही. चौदा वर्षं माणूस उकडलेल्या भाजीवर. वहिनी वैतागायच्या. "ह्यांना जेवण नाही, चारा लागतो," म्हणायच्या, आणि ह्यांच्या वाटणीचं लोणी मुकाट्यानं मला आणून द्यायच्या. मी कशाला नाही म्हणू?

वहिनी म्हणजे दादांच्या उलट. गोल, हसऱ्या, बारा महिने पायात घरच्या सपाता, मागून उघड्या. बूट म्हणून कधी नाही. बूट करणाऱ्याच्या बायकोनं बूट घालायचे नाहीत असा काही नियम आहे का, असं मी चिडवायचे. "कोण वाकणार बांधायला?" त्या म्हणायच्या. रोज बाजारातून आल्या की माझ्या दाराशी पिशवी ठेवायच्या, कठड्याला टेकायच्या आणि दहा मिनिटं गप्पा. खालच्या मजल्याची भानगड, वरच्या गल्लीतलं लग्न, मी सांगायचे, त्या ऐकायच्या. इतकं मन लावून कोणी ऐकलं नाही माझं. मला वाटायचं, माझ्या जिभेचीच करामत.

त्यांची लेक एकतीस वर्षांची, शहरात बस चालवते. बापाचे बूट जुने वाटायला लागले म्हणून तिनं दुकानातून रंगीत पळायचे बूट आणले. आठवड्यात टाच सोलवटली. ही गेली दवाखान्यात मलम आणायला. तिथं नव्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या, तिशीच्या आतबाहेरच्या. त्यांनी जखमेकडे बघितलं, मग जखमेच्या वर बघितलं, मग दुसरी टाच मागितली.

"ही गाठ कधीपासून आहे?"

"आमच्यात असतेच ती. सगळ्यांना."

"सगळ्यांना म्हणजे?"

रक्त घेतलं. कोलेस्टेरॉल आलं तीनशे चाळीस. दोनशेच्या आत हवं असतं, हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं. लेक सडपातळ, उन्हातान्हात राबणारी. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "एवढी वर्षं टाच दुखली कशी नाही?"

"माझे बाबा बूट करतात ना."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई दुकानात हजर. मी सोल लावायच्या निमित्तानं आधीच जाऊन बसले होते. सोल चांगला होता, पण निमित्त लागतंच. दादा खुशीत. एकेक फर्मा काढून टाचेची जागा दाखवायला लागले. हा बघा, अर्धं बोट दिलंय. हा पाऊण.

"ही व्यक्ती आता कुठे असते काका?"

"हे गेले. एक्कावन्नाव्या वर्षी."

"आणि हे?"

"हा माझा भाऊ."

"हे?"

"वडील."

असे बाईंनी अकरा फर्मे विचारले. अकरातले सात गेलेले, आणि साठी कोणीच गाठलेली नव्हती. आठव्यापासून दादांचा आवाजच बसला. बाई हळू आवाजात सांगत होत्या. रक्तातली चरबी ओढून घ्यायचं काम यकृत करतं. काही घराण्यांत ते काम सांगणारी खूणच जन्मतः बिघडलेली असते. मग कितीही जपून खा, चरबी रक्तात साठते. थोडी टाचेमागच्या नसेत बसते, तिथे दिसते. बाकीची काळजाच्या नळ्यांत बसते, तिथे दिसत नाही. आईकडून किंवा बापाकडून येते, आणि ज्याच्यात आहे त्याच्या प्रत्येक मुलाला यायची शक्यता निम्मी. आठ घरांनी पिढ्यान्‌पिढ्या आपसात लग्नं केली की पसरत जाते. "यात कुणाचा दोष नाही," त्या म्हणाल्या. "आणि याला औषध आहे. रोजची गोळी. लवकर सुरू केली तर माणूस पुष्कळ जगतो."

दादा हातातल्या फर्म्याकडे बघत होते. "म्हणजे ती टाच दुखली असती," ते म्हणाले, "तर एखादा तरी डॉक्टरकडे गेला असता."

बाई त्यांच्यासमोर स्टुलावर बसल्या.

"मी दुखूच दिली नाही. पस्तीस वर्षं जागा करत बसलो."



आता घरातला प्रश्न. लेकीला आलं ते बापाकडूनच, यात कुणालाच शंका नव्हती. दादांचे वडील गेले, भाऊ गेला, आता पाळी दादांची. त्यांनी रक्त दिलं आणि अहवाल यायच्या आधीच दुकानाच्या किल्ल्या लेकीला दाखवून ठेवल्या. अहवाल आला एकशे पासष्ट. अगदी स्वच्छ! निम्म्या शक्यतेतला चांगला निम्मा दादांच्या वाट्याला आला होता. आनंद व्हायचा सोडून ते चिडले. "चौदा वर्षं चारा खाल्ला मी!"

मला हसू आवरेना. लेकीला मात्र नाही आलं. "बाबा, मग मला कुठून आलं?"

आम्ही चौघंही दुकानात होतो. दादांची नजर खाली गेली, वहिनींच्या सपातांवर.

"अगं, पाऊल दे जरा इकडे."

"अहो, काहीतरीच! चारचौघांत?"

"चारचौघं कुठे आहेत? ही तर आपलीच शेजारीण."

"ही एकटीच चारचौघांना पुरते."

पण पाऊल दिलं. दादांनी ते मांडीवर घेतलं, डोळे मिटले, बोट फिरवलं. तीनशे माणसांच्या टाचा ज्या हातांना पाठ, त्यांनी तेहतीस वर्षांत बायकोची टाच धरली नव्हती. सपाता घालणारीला मापाची गरजच काय? त्यांनी डोळे उघडले ते भरलेले होते.

"उद्या दवाखान्यात जायचं," ते म्हणाले.

"मला काय धाड भरलीय? बायकांना होतं का हे? तुमच्या घरचे पुरुष जातात, माझ्या माथी कशाला? मी नाही येणार." वहिनींनी पाय ओढून घेतला. लेक समजावते, दादा समजावतात, ही बाई ढिम्म. "उद्या पाहुणे यायचेत. पुढच्या आठवड्यात बघू."

तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी टोचलं. मी म्हटलं, "वहिनी, रोज माझ्या दाराशी का थांबता हो?"

"तुझं तोंड बघायला."

"खरं सांगा."

त्या सपातेत बोटं सरकवत राहिल्या. मग म्हणाल्या, "सहा महिने झाले, जिना चढला की छातीवर कुणी हात दाबून धरल्यासारखं होतं. तू बोलत असतेस तोवर जातं." आणि पुढे, "हल्ली तू कमी बोलतेस. पुरत नाही."

 सहा महिने ही बाई माझ्या दाराशी मरणाशी झुंजत होती, आणि मी तिला गल्लीतली लफडी सांगत होते.

दादांनी उद्याची वाट पाहिलीच नाही. लेकीनं आईला एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या, आणि दादा पुढे, शिडीसारखे लांब लांब. तिसऱ्या दिवशी मोठ्या इस्पितळात वहिनींच्या काळजाच्या दोन नळ्या उघडून जाळ्या बसवल्या. एक जवळजवळ बुजलीच होती. डॉक्टर म्हणाले, अगदी वेळेवर आणलंत. दादा बाहेर बाकावर बसून होते. मी चहा नेला तर म्हणाले, "तुमच्या चोंबडेपणाचे उपकार कसे फेडू?" असं माझं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. मी तिथंच रडले, चहा सांडेपर्यंत.

वहिनी घरी आल्या आणि दादांनी दुकान आठ दिवस बंद ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी फर्म्यांवरची नावं मागितली होती. दादांनी दिली नाहीत. "फर्मे माझे आहेत बाई, पावलं त्यांची. मी विचारून येतो." मग पिशवीत फर्मे घालून घरोघर. आमचे लोक सहज वळणारे नव्हेत. रक्तात खोट निघाली की पोरींची लग्नं मोडतील, शहर आणखी नावं ठेवील, हजार शंका. दादा वाद घालत नसत. ज्याचा फर्मा त्याच्या हातात देत, त्याचंच बोट टाचेवर ठेवत आणि म्हणत, "हे मी लपवलं. माझ्याकडून चूक झाली. आता तुम्ही तरी बघा." पस्तीस वर्षं ज्याच्या कामात खोड काढायला जागा मिळाली नाही, तो माणूस दाराशी उभा राहून चूक कबूल करतो म्हटल्यावर लोकांची मान आपोआप खाली जायची, आणि बाही वर.

एक कुलूपवाले काका तेवढे अडले. "माझ्या रक्ताला कुलूप आहे, कुणाला उघडू देणार नाही," म्हणाले. नव्या बुटांचं माप द्यायला आले तर दादांनी स्टूलच उचलून ठेवलं.

"आधी अहवाल, मग बूट."

"ही दादागिरी आहे!"

"आहेच."

काका दोन महिने जावयाच्या बुटात लंगडले, मग गेले. दोनशे नव्वद निघालं. आता सगळ्यांना सांगत फिरतात की रक्त तपासायची कल्पना मुळात त्यांचीच.

पहिल्या वर्षात तीनशेतल्या दोनशे साठ जणांनी रक्त दिलं. सदतीस जणांत निघालं, सगळे गोळीवर. कुणाचं लग्न मोडलं नाही. उलट आता मुलगी बघायला आलेले लोक चहाआधी आकडा विचारतात आणि आपलाही सांगतात. त्या दिवसांपासून आमच्या गल्लीत पन्नाशीच्या आतलं कुणी काळजानं गेलेलं नाही. पुढचं कोण सांगणार, पण चार वर्षं झाली. आमच्यासाठी चार वर्षं फार आहेत.

सदतिसातली एक मी. दुसरी माझी धाकटी, एकोणीस वर्षांची. तिची टाच गुळगुळीत आहे, काहीच दिसत नाही. वहिनींनी हाताला धरून नेलं नसतं तर मी तिला नेलीच नसती. आता रोज सकाळी तिसऱ्या मजल्यावरून वहिनींची हाक येते, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशी.

"घेतलीस का गं गोळी?"

"घेतली, मावशी!"

"तुझ्या आईनं?"

आणि माझी पोरगी, काही लाज न बाळगता, तितक्याच मोठ्यानं माझी चुगली करते.