झावळ्यांच्या रविवारची म्हैस

आमच्या देवळातली मुलांची शाळा मी घेते, दर रविवारी, उपासनेच्या आधी. मुलं म्हणजे देवाघरची फुलं असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्या जागी एक रविवार उभं राहून दाखवावं.

ईस्टरच्या आदल्या रविवारी ही मुलं झावळ्या हलवत, 'होसान्ना' हा जयघोष गात फेरी काढतात. येशू गाढवावर बसून यरुशलेमात आला तेव्हा लोकांनी असंच त्याचं स्वागत केलं होतं. आमची फेरी मात्र वर्षानुवर्षं देवळाच्या आवारातच फिरायची. सांगलीजवळचं आमचं गाव, त्यात ख्रिस्ती घरं मोजकी. उगाच कुणाच्या डोळ्यावर कशाला यायचं, असं देवळाच्या पंचांचं म्हणणं. मुलांना ते पटत नव्हतं. सगळ्यांच्या मिरवणुका गल्लीतनं जातात, मग आपणच का भिंतीला प्रदक्षिणा घालायची? त्यांनी माझं डोकं खाल्लं, मी आमच्या धर्मगुरूंचं, पाळकसाहेबांचं खाल्लं. शेवटी ते म्हणाले, "जा. पण काही गोंधळ झाला, तर पुढच्या वर्षी परत आवारात."

नेमका त्याच वर्षी आवारातल्या एकुलत्या एक नारळाचा शेंडा भुंग्यानं पोखरला. झावळ्या आणायच्या कुठून? पोरांनीच तोड काढली. गावाबाहेर ऊसतोड चालू होती, तिथून ती उसाचे हिरवे शेंडे घेऊन आली. त्याला आमच्याकडे वाढं म्हणतात आणि ते गुरांना घालतात. दिसायला मात्र थेट झावळी. मी तर शाबासकीच दिली. यातून काय होऊन बसणार, हे इथंच जन्मलेल्या बाईच्या लक्षात येऊ नये?

फेरी झोकात निघाली. कोपऱ्यावर एका शेतकरी आजींचा गोठा आहे. त्यांची म्हैस काही उपाशी नव्हती, पण तिच्या नाकासमोरून हिरवंगार वाढं डुलत गेलं, एकामागून एक. तिनं खुंटा उपटला आणि फेरीत सामील झाली. तिच्या मागं तिचं रेडकू.

माझी पाचावर धारण बसली. पण घाबरतील ती आमची पोरं कसली! ती नुसती भराभर चालायला लागली, त्यामुळे होसान्नाही भराभर व्हायला लागलं. सगळ्यात मागं पहिलीतली एक मुलगी होती. ती एकेक पान तोडून म्हशीला देत होती आणि मधूनमधून गातही होती.

देवळाच्या दारात पाळकसाहेब पांढरा झगा घालून उभे. समोर पोरं, त्यांच्या हातात निम्मंशिम्मं उरलेलं वाढं, मग म्हैस, मग रेडकू, मग मी आणि माझ्यामागं धापा टाकत आजी. "आवं बाई, माझी म्हस कुटं चालवलीया?"

"हे काय आहे?" पाळकसाहेबांनी मला विचारलं. ती पहिलीतली मुलगी पुढं झाली. "सायब, तुमीच सांगितलं न्हवं, गाढवी हुती आन् तिच्यासंगं शिंगरू बी हुतं? आमच्याकडं गाढव न्हाई."

पाळकसाहेब शास्त्राचे पक्के. बायबलात, मत्तयाच्या शुभवर्तमानात अगदी तसंच लिहिलंय. ते पाठ फिरवून आत गेले. त्यांचे खांदे हलत होते, एवढं मी पाहिलं.

तिथंच मिटलं असतं. पण कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि संध्याकाळपर्यंत तो गावभर झाला. देवळाचं हसं झालं म्हणून पंच भडकले. पाळकसाहेब शब्दाला बांधलेले. पुढच्या वर्षी फेरी परत आवारात. मला इतका राग आला होता की आठवडाभर मी पंचांना नमस्कारसुद्धा केला नाही.

वर्ष उलटलं. या वेळी नारळाच्या खऱ्या झावळ्या मिरजेहून आणल्या. पोरं त्या हातात धरून भिंतीकडेनं अशी चालली होती, जणू कुणाच्या मातीलाच निघालीत. मला बघवेना. इतक्यात फाटकाबाहेरून हाक आली.

"आवं सायब, पोरं बाहीर कवा काढताय? म्हस कवाधरनं हुबी हाय!"

बाहेर आजी. शेजारी म्हैस, धुऊन चकचकीत केलेली. बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याला, बैलांची रंगवतात तशी तिची शिंगं लालभडक रंगवलेली, गळ्यात मण्यांची माळ. "माझा नातू पल्टनीत हाय," आजी सांगत होत्या. "त्यानं बी मोबाईलवर बघितलं. यंदा बी म्हशीला न्यायची म्हनला. गल्ली सडा घालून बसलीया, आन् तुमी दार लावून काय करताय?"

पाळकसाहेबांनी पंचांकडे पाहिलं. पंच आपल्या चपलांकडे बघत होते. मग पाळकसाहेबांनी स्वतः जाऊन फाटकाची कडी काढली.

आता दुसरीत गेलेल्या त्या मुलीनं हातातली झावळी माझ्याकडे दिली, भिंतीआड गेली आणि लपवून ठेवलेलं वाढं घेऊन आली. ते म्हशीच्या नाकापुढं धरून तिनं होसान्ना सुरू केलं.