मयत लेखकाची संमती

“काका, मंजुनाथ सरांचं नाव काढायचंय. त्याऐवजी शेवटी आभारात एक ओळ टाकू,” असे म्हणून नेहाने कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट ठेवले.

मी माउसवरचा हात काढून घेतला. माझ्या टेबलाशी बसून आजवर अनेकांनी अनेकांची नावे काढायला सांगितली आहेत. भावाने बहिणीचे, सुनेने सासूचे, संघाच्या चिटणीसाने अध्यक्षाचे. परंतु ती माणसे हयात होती. नाव गेल्याचे कळल्यावर ती येऊन भांडू शकत होती, आणि बहुतेक वेळा येऊन भांडलीही. मंजुनाथ राव येऊ शकत नव्हते. गेल्या वर्षी हृदयविकाराने ते वारले होते.

प्रथम माझा परिचय देणे आवश्यक आहे. बेंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये सब-रजिस्ट्रार ऑफिसच्या गल्लीत मी अर्जलेखक म्हणून बसतो. शाळा मी अर्ध्यावर सोडली. त्याची कारणे येथे अप्रस्तुत आहेत. तथापि माझ्या हातचा अर्ज कोणत्याही साहेबाला सहजासहजी परत पाठवता येत नाही, हे या भागातले साहेबच सांगतील. आसपासच्या संशोधन संस्थांतली मुले प्रबंध घेऊन माझ्याकडे येऊ लागली, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. संदर्भांना क्रमांक लावणे, आकृत्या मागितलेल्या मापात बसवणे, पोर्टलवर फाइली चढवणे, सर्व लेखकांच्या सह्यांचे फॉर्म तयार करणे, ही कामे मी करतो. आतला सगळा मजकूर मला समजतो, असा माझा दावा नाही. कोणाचे नाव कोठे असावे, हे मात्र मला समजते.

नेहा पुण्याची. अशाच एका संस्थेच्या लॅबमध्ये ती पोस्टडॉक आहे, म्हणजे पीएचडी होऊनही कायमची नोकरी न मिळालेली संशोधक. तिच्या लॅबचे काम रेशमाच्या किड्यांवर चालते. या किड्यांना एक विषाणूचा रोग होतो आणि त्यात ते पटापट मरतात. काही किडे मात्र वाचतात. ते का वाचतात, याचे उत्तर या लॅबला एका जीनमध्ये सापडले. जीन म्हणजे शरीराने कोणते प्रथिन बनवावे याची पेशीत लिहिलेली सूचना. ती सूचना बंद पाडली की वाचणारे किडेही मरू लागतात. ती बंद पाडून दाखवण्याचे काम त्याच लॅबमधल्या मंजुनाथ रावांनी केले होते. जर्नलकडे पाठवायच्या निबंधाला मॅन्युस्क्रिप्ट म्हणतात. त्या मॅन्युस्क्रिप्टमधली दुसरी आकृती संपूर्णपणे त्यांची होती. ती काढली तर बाकीचा मजकूर नुसता तर्क उरतो, असे नेहाच मला पूर्वी म्हणाली होती.

आकृती ठेवायची आणि आकृती करणाऱ्याला काढायचे, असा हा प्रकार होता.

कारण विचारले तेव्हा कळले ते असे. जर्नलच्या पोर्टलवर प्रत्येक लेखकाचा ई-मेल भरावा लागतो. पोर्टल प्रत्येकाला एक लिंक पाठवते. अंतिम मजकूर मी वाचला व तो मला मान्य आहे, असे लेखकाने त्या लिंकवर कळवायचे. एकाने जरी कळवले नाही, तरी फाइल पुढे सरकत नाही. नेहाने सवयीने सर्व नावे भरली, लिंक गेल्या, आणि मंजुनाथ रावांच्या नावापुढे ‘प्रतीक्षेत’ असे येऊन काम अडले. त्यातच परदेशातली एक लॅब याच जीनच्या मागे असल्याची बातमी आली. त्यांचे आधी छापून आले की यांचे काम शिळे ठरणार. म्हणून लॅबच्या प्रमुख मॅडमनी सोपा मार्ग काढला. मयताचे नाव वगळा आणि त्याचे आभार माना.

आभार कोणाचे मानतात, हे वाचकांना सांगायला नको. दाव्यात वादीचे नाव असते. वादीला कोर्टापर्यंत आणणाऱ्या ऑटोवाल्याचे नसते. मंजुनाथ राव ऑटोवाले नव्हते.

“हे माझ्या हातून होणार नाही,” मी नेहाला सांगितले.

तिलाही ते आवडले नव्हते, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होते. तिने दुसरा मार्ग सुचवला. मंजुनाथ रावांचा फोन त्यांच्या पत्नी सुमित्राक्कांकडे होता. त्यात त्यांचा मेल अजून उघडत होता. “अक्कांनी त्या लिंकवर नुसतं क्लिक केलं ना काका, तर विषयच संपतो. नावही राहील.”

हे ऐकून मी खुर्चीवरून उठलो. बेंगळुरूत साइटचे, म्हणजे मोकळ्या प्लॉटचे, भाव वाढल्यापासून मेलेल्या माणसांनी येऊन खरेदीखतावर अंगठे उठवल्याची प्रकरणे माझ्या गल्लीला ठाऊक आहेत. नाव एकाचे, अंगठा दुसऱ्याचा. असल्या कागदाला मी कधी स्पर्श केला नाही, आणि स्पर्श करणाऱ्यांच्या टेबलावर मी कॉफीही घेत नाही. आता तीच गोष्ट एक उच्चशिक्षित मुलगी मला सुचवत होती, आणि तीही केवळ माया म्हणून. मी तिला याच शब्दांत सुनावले. तिचे डोळे भरून आले. मला वाईट वाटले, परंतु शब्द मी मागे घेतला नाही.

दुपारी सुमित्राक्का स्वतःच आल्या. त्या जयनगरच्या एका शाळेत शिकवतात. त्यांचे घराणे आमच्यासारखेच, पिढ्यान्‌पिढ्या याच शहरातले. मराठी फक्त घरात उरलेली. नवऱ्याचा फोन त्या अजून चार्ज करून पर्समध्ये ठेवतात.

“अण्णा, स्वल्प बसते,” असे म्हणून त्यांनी फोन माझ्या टेबलावर ठेवला. मेल उघडलेला होता. खाली निळी पट्टी होती. “नेहानं सगळं सांगितलंय. इथं दाबायचं नव्हे? दाबू काय?”

“नको.”

“ते असते तर दाबलंच असतं की.”

“असते तर वाचून दाबलं असतं, अक्का. हा शेवटचा मजकूर त्यांनी पाहिलेला नाही. ते गेल्यावर त्यात बदल झालेत.”

“सरी, बरं. म्हणजे नाव गेलं तर जाऊ दे म्हणता?”

“असं मी म्हटलं नाही.”

“मग काय म्हणता ते तरी सांगा. त्या मॅडम नियम सांगतात, तुम्ही पण नियमच सांगता. दोघांच्या मधी माझा माणूस जातोय की.”

त्या फोनकडे पाहत बोलत राहिल्या. लग्न झाल्यापासून घरात किड्यांखेरीज दुसरे बोलणे नव्हते. सणाच्या दिवशीसुद्धा ते पाला घालायला लॅबमध्ये जात. सासूबाई चिडत, तर हे म्हणत, किड्यांना सण कळत नाही. तेवढ्या सगळ्यातून शेवटी एक नाव कागदावर यायचे होते. बाकी त्यांना काही नको होते. बोलून झाल्यावर त्यांनी पट्टीला बोट न लावता फोन बंद केला आणि पर्समध्ये टाकला.

मी त्याच दिवशी कामाला लागलो. लॅबप्रमुखांना उद्देशून चार पानी निवेदन तयार केले. परिच्छेदांना क्रमांक दिले. सोबत मृत्यूचा दाखला, पत्नीचे प्रतिज्ञापत्र आणि वंशवृक्ष जोडला. वंशवृक्ष म्हणजे मयताचे वारस कोण हे सांगणारा महसूल खात्याचा दाखला. आमच्या राज्यात मयताच्या कोणत्याही कामाला तो लागतोच, आणि पेन्शनसाठी काढलेला त्यांच्याकडे होताच. मयताच्या वतीने कोण बोलणार, हे जर्नललाही कळले पाहिजे. सबब तो मी पोर्टलवर सप्लिमेंटरी फाइल, म्हणजे पुरवणी पुरावा, म्हणून चढवला.

नेहाने ते पाहिले आणि कपाळावर हात मारला. “काका, जर्नलला फॅमिली ट्री?”

“किड्यांच्या जीनचा वंशवृक्ष तुम्ही तिसऱ्या आकृतीत दिलाच आहे. माणसाचा दिला तर काय बिघडलं?”

यावर ती हसली. सकाळपासून पहिल्यांदा हसली असावी.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे संस्थेत गेलो. मॅडमनी आम्हाला बसवले, माझ्या निवेदनाचे पहिले पान वाचले, आणि त्यावर चष्मा काढून ठेवला. हे कोर्ट नव्हे, असे त्यांनी मला कन्नडमध्ये ऐकवले. चार पानांपैकी तीन पाने न वाचता एखाद्याचे म्हणणे निकालात काढणारे अधिकारी मी सरकारी कचेऱ्यांत पुष्कळ पाहिले आहेत. ज्ञानमंदिरात पाहिले ते प्रथमच.

त्यांचे म्हणणे मी न्यायबुद्धीने येथे नोंदवतो. लेखक म्हणजे केवळ काम करणारा नव्हे, तर त्या कामाबद्दल जाब देणारा. उद्या कोणी एखाद्या चित्राबद्दल शंका घेतली, तर मेलेला माणूस जाब कसा देणार? मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. परंतु तो त्यांनी लॅपटॉपवर दुसरे काही टाइप करत मांडला, आणि समोर त्या माणसाची पत्नी बसली होती. माझा संताप अनावर झाला. मी निवेदनाचा सातवा परिच्छेद मोठ्याने वाचायला घेतला. सुमित्राक्कांनी माझ्या फाइलवर हात ठेवला.

त्या मॅडमशी कन्नडमध्ये बोलल्या. मी ते मराठीत देतो.

“मॅडम, दुसऱ्या चित्रावर उद्या कोणी शंका घेतली, तर उत्तर कोण देणार?”

“मी. दुसरं कोण देणार? त्याच्या सगळ्या नोंदी माझ्याकडे आहेत.”

“नाव काढलं तरी तुम्हीच देणार?”

“अर्थात.”

“मग नाव ठेवूनच द्या.”

मॅडमचे टाइप करणे थांबले. त्यांनी लॅपटॉप बाजूला सारला. नंतर नेहाला म्हणाल्या, “एडिटरला मेल लिही. मी सांगते.”

मेल दोनच ओळींचा झाला. आमचे एक लेखक वारले आहेत. त्यांच्या कामाचा जाब करस्पॉण्डिंग ऑथर, म्हणजे जर्नलशी पत्रव्यवहार करणारी लेखिका, या नात्याने मी देईन. त्यांचे नाव ठेवता येईल काय? माझे निवेदन सोबत जोडावे, अशी मी सूचना केली. मॅडम म्हणाल्या, “अण्णा, तुमचा अर्ज मी सावकाश वाचेन.” तो त्यांनी वाचल्याचे अद्याप माझ्या कानावर आलेले नाही.

उत्तर लवकरच आले. दिवंगत लेखकाचे नाव अवश्य राहील. नावाला एक खूण लागेल, खाली टीप येईल, त्यांच्या वतीने करस्पॉण्डिंग ऑथर संमती नोंदवतील, आणि ती लिंक जर्नलचे ऑफिस स्वतः रद्द करील. म्हणजे तजवीज त्यांच्याकडे पहिल्यापासून होती. एवढे शिकलेल्या लोकांनी मयताचे नाव खोडण्याची तयारी केली, बायकोकडून त्याचा अंगठा उठवण्याची तयारी केली, परंतु ज्यांचा नियम त्यांनाच विचारावे, हे कोणालाही सुचले नाही. याचा राग मला आजही येतो. मेलच्या शेवटी त्यांनी कळवले होते, की लेखकाचा वंशवृक्ष मिळाला. त्याची आवश्यकता नाही. कृपया तो काढून घ्यावा. तो मी काढून घेतला. माझे मत बदललेले नाही.

पुढे निबंध रिव्ह्यूला गेला. रिव्ह्यू म्हणजे त्याच विषयातल्या परक्या तज्ज्ञांकडून होणारी तपासणी. एका तज्ज्ञाने नेमकी दुसऱ्या आकृतीवरच शंका काढली. मॅडमनी मंजुनाथ रावांच्या जुन्या नोंदी बाहेर काढून तिला उत्तर दिले, असे नेहाने मला सांगितले. त्यांनी शब्द पाळला, हेही मी येथे नोंदवतो. दुसरी लॅब मागेच राहिली आणि निबंध छापून आला.

मंजुनाथ रावांच्या नावाला लागलेली खूण क्रुसासारखी आहे. आमच्यातल्या माणसाच्या नावाला क्रूस कशासाठी, तारा लावता आला नसता काय, असे मी नेहाला खडसावून विचारले. ती म्हणाली, “काका, तारा मॅडमच्या नावाला लागलाय. करस्पॉण्डिंग ऑथरला तो लागतो.” मी त्यावर आणखी एक निवेदन लिहिणार होतो. सुमित्राक्कांनी नको म्हटले.

त्या दिवसापासून माझ्याकडे मॅन्युस्क्रिप्ट आली, की ज्या दिवशी नाव टाइप होते त्याच दिवशी मी, ‘मी नसलो तरी माझे नाव राहावे’ अशा संमतीपत्रावर सही घेतो. तरुण असो, धडधाकट असो, परदेशी जाणार असो. लोकांना ते अशुभ वाटते. सही न करणाऱ्याचे नाव मी टाइप करत नाही. नेहाच्या नव्या निबंधावर मॅडमनीही मुकाट्याने सही केली.

निबंध छापून आल्यानंतर सुमित्राक्का पुन्हा एकदा गल्लीत आल्या होत्या. त्यांनी पर्समधून तोच फोन काढला. मंजुनाथ रावांच्या नावाने जर्नलचा मेल आला होता. वरची ओळ तेवढी दिसत होती: अभिनंदन, आपला लेख प्रसिद्ध झाला आहे. त्यांनी तो उघडला नव्हता.

“आता तरी उघडू काय, अण्णा? का यालाही तुमचा काही नियम आहे?”

“उघडा,” मी म्हणालो. “वाचायला सही लागत नाही.”