रावसाहेब काकांचं टेबल

दुखण्याचे किस्से आमच्या वर्कशॉपमध्ये कानशीच्या चुऱ्यासारखे साचतात. संध्याकाळी झाडून काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच चुरा! पूर्वी हे सगळं मी हसत सांगायचो. हल्ली तसं हसू येत नाही.

*

चिकलठाण्यात आमचं फिटिंगचं काम. दिवसभर उभं राहून लोखंडावर कानस मारायची. टेबलावरच्या व्हाइसची, म्हणजे लोखंड पकडायच्या शिकंज्याची, उंची बघायची आमची जुनी रीत आहे. सरळ उभं राहायचं, कोपर व्हाइसवर टेकवायचं, मूठ हनुवटीला लागली की टेबल तुमचं! रावसाहेब काका बुटके, म्हणून त्यांचं टेबल सगळ्यांत खाली. शेवटी शेवटी डावा खांदा पाडून, मान वाकडी करून चालायचे. मागच्या वर्षी गेले बिचारे. टेबल तसंच राहिलं.

*

त्या टेबलावर पाचोडचा संतोष आला. चांगला सहा फूट! पहिल्या दिवशी मूठ छातीपाशीच थांबली. चार महिन्यांनी बरोबर हनुवटीला लागली.

"मिस्त्री, टेबल वाढलं की हो!"

मिस्त्रींनी टेप लावली. टेबल होतं तेवढंच.

"टेबल नाय वाढलं," मिस्त्री म्हणाले, "तूच खाली आलास."

आम्ही पोट धरून हसलो.

*

मग तपासणीचा कॅम्प लागला. डॉक्टरबाईंनी संतोषची पाठ दाबून पाहिली. "मागच्या कॅम्पला आला होतात ना? ही पाठ मी बघितलीय."

"नाय मॅडम, तवा मी गावाकडं व्हतो."

मागच्या कॅम्पला आमच्यातले फक्त काका गेले होते.

*

संतोष आता घरी पडून आहे. टेबल माझ्याकडं आलं. मी मालकांना म्हणालो, "टेबल उंच करा. संतोषला सोताची पोरगी उचलता येईना."

"काकांनी कधी तक्रार केली का?"

"त्यांच्याच मापाचं व्हतं की ते!"

"बरं बरं, दसरा होऊ दे. पूजेच्या आधी जागा हलवायची नाय."

मला खरंच भीती वाटली. माझा खांदा ठणकायला लागला होता. घरीसुद्धा बोललो नव्हतो.

*

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. भर दुपारी मी दाराकडं पाठ करून व्हाइस पुसत होतो.

"अहो, बाम विसरलात."

मी वळलो. रावसाहेब काकांची बायको! एका हातात झेंडूची फुलं, दुसऱ्या हातात बामची बाटली.

"काकू, मी गणेश!"

त्यांनी माझं तोंड नीट न्याहाळलं. तरी बाटली माझ्याच हातात दिली.

"डाव्या खांद्याला लाव," म्हणाल्या. "उजवा दिवाळीनंतर धरतो."