शिव्या चालतात, जेवण चालत नाही

सुनंदाबाई वकिलीण बांधांच्या दाव्यांची गाठोडी घेऊन धुळ्याच्या कोर्टापाशी उतरल्या, तेव्हा कुठे रिक्षाचं पुढचं चाक जमिनीला टेकलं. बाईंनी हाक मारली आणि लिंबावरचे कावळे, खालचे टायपिस्ट आणि समोरच्या पक्षाचे साक्षीदार एकदमच उडाले. दोंडाईच्याच्या स्वप्नीललाही उडावंसं वाटलं, पण हाक त्यालाच होती.

"काय गुन्हा शे तुना?"

"अक्का, मी चॅनलवर अहिराणी गाण्यांची टर उडवतो."

जळगावच्या एका गाण्याच्या कंपनीने त्याच्यावर कॉपीराइटच्या दोन तक्रारी ठोकल्या होत्या. तिसरी आली की चॅनल बंद, आणि त्याच्याकडे दुसरा धंदा नव्हता.

"बठ्ठं दखाड माले."

त्याने मोबाइलवर सगळं दाखवलं. व्हिडिओत हिरो भर उन्हात पपईच्या बागेत कोट घालून नाचत होता. वरून स्वप्नीलचा आवाज: "याला पोरीपेक्षा सावलीची गरज शे." बाई अशा हसल्या, की कपातला चहा बशीत उतरला. टर संपली आणि मग तेच गाणं अख्खं वाजलं. बाईंचं हसू थांबलं.

"हे कशाला?"

"अक्का, लग्नात बाया व्याह्यांना गाण्यातून शिव्या देतात, मग आग्रहाने जेवू घालतात. मी शिव्या दिल्या, आता गाण्याचा मान नको राखायला?"

"बेटा, कायद्याला तुझ्या शिव्या चालतात, जेवण चालत नाही. टीकेला लागेल तेवढा तुकडा घे, तो तुझा हक्क. अख्खं तूच वाजवलंस तर त्यांच्याकडे कोण जाईल?"

बांधांच्या भांडणांत जन्म गेलेल्या बाईंनी त्याच्यासाठी कॉपीराइटचा कायदा नव्याने वाचला आणि कंपनीच्या जितेंद्रभाऊंना फोन लावला. "पोरगं अख्खी गाणी काढून टाकतंय. टीका राहील, ती कायद्यात बसते. झोंबत असेल तर हिरोला झाडाखाली नाचवा, भाऊ." जितेंद्रभाऊ हसले आणि त्यांनी तक्रारी मागे घेतल्या.

फी विचारली तर बाई म्हणाल्या, "माझा भाचा गाणी काढतो. त्याला चांगल्या शिव्या दे."

स्वप्नील अजून दर व्हिडिओ सुनंदाअक्कांचं नाव घेऊन सुरू करतो. आखाजीच्या सणाला त्याची आई भिकुबाई मांडे घेऊन धुळ्याला जाते आणि बाईंनी दुसरा मांडा संपवल्याशिवाय उठत नाही.

चॅनल वाचलं. अख्खी गाणी काढून टाकल्यावर बघणारे निम्मे राहिले. बाकीचे गाणी ऐकायला येत होते.