ताईंच्या चाकांतल्या ट्यूबा

माझ्या थोरल्या जाऊबाईंना मी ताई म्हणते. त्यांचं माहेर औंढ्याचं, लोणावळ्यातल्या आमच्या घरापासून सायकलवर सहज जाण्यासारखं. त्यांचा मुलगा नोकरीसाठी बाहेर गेला आणि त्याची जाड टायरची, डोंगरात चालवायची सायकल घरीच राहिली. ती ताईंनी पन्नाशी उलटल्यावर हातात घेतली. आईची आठवण आली की निघायच्या. कुणाला विचारणं नाही, कुणासाठी खोळंबणं नाही. त्यांचं बघून मीही तसलीच सायकल घेतली.

मग एका दुपारी त्या एकट्याच जात असताना शेतातल्या वाटेवर घोटाळा झाला. भातं निघाली की तिकडे गुरं शिरू नयेत म्हणून बांधावरची खिंडारं बोरी-बाभळीच्या फांद्या टाकून बंद करतात. त्या ओढत नेताना काटे वाटभर सांडतात. ताईंची दोन्ही चाकं बसली. फोनला रेंज नव्हती. सायकल ढकलत, थांबत, पुन्हा ढकलत त्या चालत राहिल्या, आणि शेवटी मोठे भावजी, म्हणजे त्यांचे यजमान, शोधत गेले तेव्हा सापडल्या.

घरी त्यांना कुणीही रागावलं नाही. उलट सगळे मायेनं म्हणाले, आता एकटी जात जाऊ नकोस, आम्ही सोडत जाऊ. ती मायाच अंगाशी आली. ताई साडी बदलून, पिशवी भरून बसायच्या आणि भावजींना ऐन वेळी आठवायचं, गाडी दुरुस्तीला दिलीय. ताई पिशवीतली भाजी पुन्हा फ्रिजमध्ये ठेवायच्या. मला ते बघवत नसे. भावजींचा राग यायचा आणि खरं सांगायचं तर ताईंचा जास्तच यायचा.

सायकलीच्या टायरमधली ट्यूब काढून टाकता येते, आणि आत एक दुधासारखं सीलंट घातलं की काट्याचं भोक ते आपोआप बुजवतं, हे मला पुण्यातल्या एका सायकलवाल्यानं सांगितलं. चाकांचे फोटो बघून तो म्हणाला, होईल यांचं. करून द्यायलाही तयार होता. पण मला कुठला दम! म्हटलं, सामान द्या, मी करते. आधी हो म्हणायचं आणि मग घाम पुसत बसायचं, हा माझा जुना स्वभाव.

अंगणात ताईंच्या सायकलची चाकं घेऊन बसले. ताई पायरीवर मेथी निवडत होत्या.

"ट्यूब काढलीस तर हवा कशात राहणार?"

"टायरमध्ये."

"आणि टायर कशात राहणार?"

"रिममध्ये. गच्च बसतो तो."

"बसला तर," त्या म्हणाल्या आणि काड्या बाजूला टाकल्या.

रिममध्ये तारांसाठी भोकं असतात, ती हवाबंद चिकटपट्टीनं झाकायची. मग नवं व्हॉल्व्ह घालायचं, टायर चढवायचा, कडेला साबणाचं पाणी लावायचं आणि हवा भरायची. हवा भरायची म्हणजे मी पायपंप मारायचा आणि ती तितक्याच उत्साहानं बाहेर पडायची. घामाघूम झाले. शेवटी दोन्ही चाकं रिक्षात घालून जुन्या हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडे नेली.

"ट्यूब कुटं हाय?" त्यानं विचारलं.

"नाहीये."

"मग मी हवा कशात भरू, मॅडम?"

त्याला समजावण्यात बराच वेळ गेला. पण त्याचा कॉम्प्रेसर सुरू झाला, टायर फुगला, आणि कडा रिममध्ये अशा फाट्‌कन बसल्या की शेजारचा चहावाला धावत आला. पंक्चरवाला दचकला आणि मग खूश होऊन म्हणाला, "लय भारी! दुसरं बी आना." घरी येऊन व्हॉल्व्हमधून सीलंट घातलं, पुन्हा हवा भरली, चाकं गरागरा फिरवली. त्या दिवशी मी घरभर मिरवत होते.

सकाळी पाहते तर मागचं चाक साफ बसलेलं. रडूच आलं मला. चाकाचं सोडा, ताई आता कायमच्या पायरीवरच बसणार असं वाटलं. टायर उतरवला, हात पांढरे चिकट झाले. ताई आल्या, माझ्या हातातून चाक काढून घेतलं आणि रिममध्ये बोट फिरवलं.

"ही पट्टी चुणलीय बघ व्हॉल्व्हपाशी. फॉल लावताना ताणून धरतात, तशी धरायला नको होय?"

जुनी पट्टी त्यांनी ओरबाडून काढली, रिम पुसून कोरडी केली आणि नवी पट्टी ताणत, अंगठ्यानं दाबत स्वतः लावली. साड्यांना फॉल लावण्यात उभा जन्म गेलेला. पंक्चरवाल्याकडेही या खेपेला त्याच आल्या. चाक दुसऱ्या दिवशी कडक होतं, तिसऱ्या दिवशीही. मग मी मागेच लागले आणि आम्ही दोघी निघालो.

शेतातल्या वाटेवर ताई थांबल्या. पुढच्या चाकात बाभळीचा लांब काटा. सायकलवाल्यानं बजावलं होतं, काटा दिसला तरी वाटेत काढू नका. पण काटा दिसला आणि हात गेला नाही, असं आमच्याकडे कुणाचं होतं? मी "ताई, नको!" म्हणेपर्यंत त्यांनी तो उपटला. फुस्स करून पांढरी चिळकांडी उडाली ती थेट त्यांच्या ओढणीवर. त्यांचा चेहरा पार उतरला.

"चाक फिरवा! भोक खाली आणा, सीलंट तिथंच साचतं!"

त्यांनी फिरवलं. आवाज बारीक झाला. थेंब थेंब आलं आणि थांबलं. आम्ही दोघी वाकून बघत राहिलो. ताईंनी अंगठ्यानं टायर दाबला, मग मी दाबला. थोडा मऊ झाला होता, पण हवा होती. इतकं हलकं वाटलं मला की मी बांधावर बसून वेड्यासारखी हसत सुटले. ताई ओढणी पुसत म्हणाल्या, "हसतेस काय, चल. आई वाट बघत असेल."

त्यांच्या आईनं अंगणात पाऊल टाकायच्या आधीच विचारलं, "कोन आलंय गं सोडाया?"

"कुनी न्हाई. आमी सायकलीवर आलो."

चहा झाला, आंबोळ्या झाल्या, गप्पा संपेनात. ऊन उतरायला लागलं तशी मी उठले. ताई उठल्या नाहीत.

"तू जा पुढे. मी दोन दिवस राहते."

"आन् मंग तुला न्ह्यायला कोन यील?" त्यांच्या आईनं विचारलं.

"कुनी न्हाई. माजी मी जाईन."

बोलत होत्या आईशी, बघत होत्या माझ्याकडे. मी मान हलवली आणि निघाले.

घरी पोचले तर भावजी दारातच उभे. एकच सायकल बघून चपापले. ताई राहिल्यात म्हटल्यावर लगेच किल्ली शोधायला लागले.

"मग परवा किती वाजता जाऊ आणायला?"

"जायचं नाही," मी म्हटलं.