लायटरमधलं पेट्रोल

हृदयाच्या ऑपरेशननंतर बाबांची सिगारेट सुटली, लायटर मात्र सुटला नाही. दर रविवारी ते वर्तमानपत्र पसरून बसतात. वात चिमट्याने वर ओढून तिचा जळका शेंडा कापतात, चाकातली काजळी जुन्या टूथब्रशने झाडतात आणि आतल्या कापसावर थेंब थेंब पेट्रोल सोडतात. समोर आई देवासाठी वाती वळत असते, पण तिचं लक्ष त्यांच्या हातांकडे असतं. मागच्या रविवारी लायटरमध्ये भरायला बाबांनी तिच्या कापसाकडे हात नेला, तशी ती कडाडली, "देवाच्या कापसाला हात लावू नका! आणि ओढत नाही म्हणता, मग दर आठवड्याला पेट्रोल संपतं कसं?"

"अगं, उडून जातं."

"झाकण लावलेलं असताना?"

बाबांनी झाकण लावून लायटर खाली ठेवला. आईने तो भरलेला लायटर उचलून स्वतःच्या कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला खोचली. आठवडाभर घर दबकून वावरलं. बाबा गॅलरीतून आत आले की ती जवळून जाता जाता वास घ्यायची; त्यांना ते कळायचं, आणि ते मान वळवायचे.

आज तिने कुलूप काढलं आणि चाक फिरवलं. नुसती ठिणगी उडाली. पुन्हा फिरवलं, पुन्हा ठिणगीच.

न जळताही संपणाऱ्या गोष्टी असतात, आणि कुलपात ठेवल्याने त्या टिकत नाहीत. मला वाटतं, त्या क्षणी तिच्या मनात फक्त पेट्रोल नव्हतं.

तिने स्वतः वर्तमानपत्र पसरलं.

"आतला कापूस जुना झालाय," म्हणाली, आणि देवाच्या कापसातला एक बोळा तोडून तिने बाबांच्या तळहातावर ठेवला.